गाण्याचा अर्थ

इंग्रजी काव्याचे अर्थ सांगण्यांत ज्याचें अर्धें आयुष्य गेलें, त्यानें एका साध्या पॉप गाण्याच्या अर्थापाशीं सपशेल आपटी खावी, ही कांहीं अभिमानानें सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. तथापि परवां एका विद्यार्थिनीनें फोनवर एक नवें इंग्रजी गाणें लावून "सर, ह्याचा अर्थ काय?" असें विचारलें, आणि ती जुनी आपटी आम्हांस आठवली.

सन १९९१ मध्यें आर. ई. एम. या अमेरिकन बँडाचें 'लूझिंग माय रिलिजन' हें गाणें निघालें, तेव्हां आम्ही वसतिगृहांत राहून बी. ए. करीत होतों. शब्दांचा अर्थ सरळच दिसला : माझा धर्म सुटत चालला आहे. वयाच्या विसाव्या वर्षीं याहून भारदस्त वाक्य कोठें मिळणार? त्यांतून तरसेम सिंग या पंजाबांत जन्मलेल्या दिग्दर्शकानें केलेल्या चित्रफितींत बाणांनीं विद्ध झालेला संत आणि पंखांचा म्हातारा! मग काय, मिल्टनच्या सैतानापासून आगरकरांपर्यंत सारे आधार जोडून आम्ही मित्रांना त्या गाण्यावर व्याख्यानें झोडलीं.

१९९२ च्या गणपतीला घरीं गेलों. वडिलांनीं पूजेला बसण्यास सांगितलें. आमची श्रद्धा उडाली असल्याचें आम्ही जाहीर केलें, आणि जणूं पुरावा म्हणून ती कॅसेट लावली. वडिलांना इंग्रजी येत नव्हतें. सोवळें नेसलेले, हातांत दूर्वांची जुडी, अशा स्थितींत त्यांनीं तें गाणें शेवटपर्यंत ऐकलें आणि म्हणाले, "हा देवावर नाहीं रे रागावलेला. ह्याला कोणी माणूस हवें आहे, आणि तें माणूस ह्याच्याकडे बघत नाहीं."

आम्ही हंसलों. त्यांनीं एकट्यानें पूजा केली. त्यानंतर 'पूजेला बस' असें ते आम्हांस पुन्हां कधींहि म्हणाले नाहींत.

पुढें अध्यापन करूं लागल्यावर कळलें कीं, अमेरिकेच्या दक्षिण भागांत 'धर्म गमावणें' हा निव्वळ वाक्प्रचार आहे; धीर सुटणें, डोकें ताळ्यावर न राहणें, एवढाच त्याचा अर्थ. ही मंडळी त्याच भागांतल्या, जॉर्जिया संस्थानांतील अथेन्स गांवचीं; आणि गायक मायकेल स्टाइप यानें तर हें एकतर्फी प्रेमाचें गाणें असल्याचें स्वतःच सांगितलें आहे. आमचे वडील पाणचट ताक तोंडाला लावून "यांत राम नाहीं" असें म्हणत. तें ऐकून एखाद्या परदेशी पंडितानें त्यांना नास्तिक ठरवावें, तशांतली आमची विद्वत्ता!

हें कळलें तेव्हां वडील हयात नव्हते. श्रद्धेचा प्रश्न निराळा. ती त्या गाण्यानें गेली नव्हती, आणि खरा अर्थ समजल्यानें परतहि आली नाहीं. सलतें तें दुसरेंच. स्वतःच्या तोंडानें 'नाहीं' म्हणण्याचें धैर्य आमच्यापाशीं नव्हतें. म्हणून आम्ही आपलें म्हणणें एका परक्याच्या तोंडीं घातलें, आणि ज्याला तें गाणें खरोखर ऐकूं आलें, त्यालाच अडाणी समजलों.

त्या विद्यार्थिनीस आम्ही अर्थ सांगितला नाहीं. "आधीं एकदां सबंध ऐकूं या," असें म्हटलें, आणि दोघेंहि ऐकत बसलों.