बोक्याचे गाऱ्हाणे

आपल्या कोकणात मांजराच्या शी-शूचा विचार कोणी कधी केला नाही. परसात चुलीतली राख टाकलेली असे, नाहीतर माडाखाली वाळू असे. मांजर तेथे जाई, पंजाने उकरी, आपले काम उरकून वर माती लोटी आणि घरात परत येई. घरच्यांना पत्ताही लागत नसे. हाच प्रश्न परदेशात पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन बसला, की मात्र माणसांची झोप उडते.

माझी मुलगी व जावई टोकियोच्या एदोगावा विभागात, निशिकासाई येथे राहतात. 2000 सालच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आलेल्या भारतीयांनी ही वस्ती गजबजली. गेल्या वर्षी मी तीन महिने त्यांच्याकडे होते. त्यांचा एक बोका आहे, नाव कुरो. जपानीत कुरो म्हणजे काळा. काळ्या मांजराचे तिकडे कौतुक जुने आहे. सम्राट उदा यांनी इ.स. 889 मध्ये आपल्या काळ्या मांजराविषयी रोजनिशीत प्रेमाने लिहून ठेवले आहे.

परंतु कुरोने जे आरंभले त्याचे कौतुक कोण करणार? आपला ट्रे सोडून तो तातामीवर लघवी करू लागला. तातामी म्हणजे गवताच्या विणीची जाड चटई, सुमारे सहा फूट लांब व तीन फूट रुंद. तिच्यावर सांडलेले आत मुरते. घर भाड्याचे. मांजर ठेवायचे म्हणून एक महिन्याची अनामत जास्त भरलेली, आणि घर सोडताना जनावराने केलेली खराबी भाडेकरूनेच भरून द्यावयाची. तिसऱ्यांदा चटई भिजली तेव्हा जावई म्हणाले, "आई, आता याच्यासाठी दुसरं घर बघावं लागेल."

मुलगी काही बोलली नाही. सायट्रिक ॲसिडचे पाणी शिंपडून ती चटई पुसत राहिली. त्याने अमोनियाचा वास जातो. खाण्याचा सोडा वापरला तर तातामी पिवळी पडते. मात्र हे ॲसिड आणि क्लोरीनचे ब्लीच कधीही एकत्र करू नये, विषारी वायू निघतो. तेथल्या बाटल्यांवर ही सूचना ठळक छापलेली असते.

दिवसा मी घरी एकटीच असे, म्हणून बोक्यावर नजर ठेवली. तो ट्रेमध्ये जात नव्हता असे नाही. उलट पुन्हा पुन्हा जात होता. बसून कुंथायचा, थेंब-दोन थेंब व्हायचे, आणि केविलवाणा ओरडून बाहेर यायचा. तो ट्रे दोन मजली होता. वर लाकडाच्या गोळ्या, खाली लघवी शोषणारा पॅड, आठवड्याने बदलावयाचा. सोय चांगली, वासही नाही. पण मांजराला लघवी किती वेळा झाली हे त्यात दिसत नाही. मी मुलीला कामावर फोन केला, आणि त्याच संध्याकाळी आम्ही दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपले, लघवी तपासली. लघवीत खड्यांचे बारीक कण होते. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते. ती पूर्ण तुंबली तर दोन-तीन दिवसांत जीव जातो, असे त्यांनी सांगितले. मुलीने ते आम्हांला मराठीत सांगितले तेव्हा जावई गप्प झाले. येताना बोक्याची पिशवी त्यांनीच उचलली.

औषध व पथ्याचे खाणे सुरू झाले. शिवाय ट्रेची व्यवस्था बदलली. बोक्याच्या लांबीच्या दीडपट मोठा ट्रे आणला, तो कपडे धुण्याच्या यंत्राच्या खडखडाटापासून दूर ठेवला, आणि दुसऱ्या खोलीत आणखी एक ठेवला. जपानात या ट्रेसाठी कागदाचे, लाकडाचे, तोफूच्या चोथ्याचेसुद्धा दाणे मिळतात. माणूस वास पाहून निवडतो. मांजर मात्र पंजाला काय मऊ लागते ते पाहते. आम्ही बारीक मातीची वाळू आणली. अमेरिकेत एडवर्ड लो यांनी 1947 साली मातीचे दाणे मांजरांसाठी विकायला काढले, त्याआधी तेथेही राख आणि वाळूच वापरत. म्हणजे कुरोला आम्ही कोकणच्या परसाजवळच नेऊन ठेवले म्हणायचे!

या वाळूत लघवीचे गोळे होतात, ते मोजता येतात. दिवसाला दोन ते चार असले म्हणजे ठीक. जावई रोज सकाळी गोळे काढून भिंतीवरच्या कॅलेंडरावर आकडा लिहू लागले. दुसऱ्या घराची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

मांजर स्वभावाने स्वच्छ असते. ते भलत्या जागी बसू लागले तर खोडसाळपणा समजून त्याला मारू नये. ट्रे घाण आहे का, लहान आहे का, गोंगाटात आहे का हे आधी पाहावे. आणि बोका वारंवार बसतो पण लघवी होत नाही असे दिसले, तर सकाळ उजाडण्याची वाट न पाहता त्याला डॉक्टरकडे न्यावे.