वरशाहून लॅमिंग्टन रोडला

मैत्रिणींनो, कोकण रेल्वेने जाताना रोहा स्टेशनची पाटी तुम्ही नक्की पाहिली असेल. मध्य रेल्वे इथे संपते आणि कोकण रेल्वे इथून सुरू होते. १९८६ साली आपट्याहून रूळ रोह्यापर्यंत आले, १९९३ मध्ये वीरपर्यंत पुढे गेले आणि २६ जानेवारी १९९८ला अख्खी कोकण रेल्वे सुरू झाली. या रोह्याला अगदी खेटून आमचं वरसे. नावाला गाव, कारभार ग्रामपंचायतीचा, पण वस्ती बघाल तर निम्मी शहरासारखी. एकीकडे भातखाचरं, तर दुसरीकडे धाटावच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांच्या बिल्डिंगा. आमचे हे त्यांतलेच एक. मी बी.ए. झालेली, घर सांभाळून रोज तीन तास मुलांना मराठी शिकवते.

आमची नदी कुंडलिका. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, वीज करतं आणि मग कुंडलिकेला मिळतं. १९२७ पासून हे असंच चाललं आहे. त्यामुळे भर उन्हाळ्यातही नदी आटत नाही. कोलाडला तुम्ही रबरी होड्यांतून उड्या मारायला येता ना, ते सकाळी सोडलेल्या याच पाण्यावर, बरं का! पाण्याला आमच्याकडे तोटा नाही. आणि पावसाबद्दल तर बोलायलाच नको. वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पडतो. चार महिने पापड सादळतात, पुस्तकांना वास येतो, कपाटातल्या चपलांवर हिरवी लव धरते.

या पावसानेच माझी ही गोष्ट सुरू झाली.

आमचे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, काचबिंदूने अधू झाले. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग हळूहळू सगळंच. वाचनाचं वेड असलेला माणूस दिवसभर खुर्चीत बसून राहू लागला. सासूबाई २०१७ साली गेल्या. त्यांचा आवाज मात्र घरात होता, चार कॅसेटींत. आमचे हे बारा वर्षांचे असताना, १९९५ साली, घरात टेपरेकॉर्डर आला आणि या मुलाने जे ऐकू येईल ते टेप केलं. आईच्या जात्यावरच्या ओव्या, तिचं शेजारणीशी बोलणं, कुत्र्याचं भुंकणं, "अरे, ते यंत्र बंद कर आधी!" म्हणून अण्णांनी घातलेला दम, सगळं काही. अण्णा रोज दुपारी एक बाजू ऐकायचे.

मागच्या पावसाळ्याआधी टेपरेकॉर्डरने मान टाकली. कॅसेटी काढून पाहते तर दोन कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी! माझ्या पोटात गोळाच आला. अशी कॅसेट तशीच लावू नये, हे तुम्हीही लक्षात ठेवा. बुरशी यंत्राच्या डोक्याला चिकटते आणि दुसऱ्या कॅसेटलाही लागते. पनवेलला दुरुस्तीचं काम शिकणारा माझा एक जुना विद्यार्थी आला. त्याने फिती सावकाश फिरवून कोरड्या मऊ कापडाने पुसल्या, मागून आणलेल्या टेपरेकॉर्डरची वायर घरच्या कॉम्प्युटरला जोडली आणि आवाज भरून घेतला. याला घाई चालत नाही. साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटंच लागतात. दोन रविवार गेले, पण चारही कॅसेटी हाती लागल्या.

आता हे अण्णांनी ऐकायचं कशावर? तुम्ही म्हणाल, मोबाइल आहे की! पण मोबाइलची काच सपाट. दिसणाऱ्याला ती सोपी, न दिसणाऱ्याला नुसती गुळगुळीत पाटी. मोबाइलमध्ये बोलून दाखवायची सोय असते, आम्ही ती शिकवूनही पाहिली. पण अण्णांचं बोट भलतीकडेच पडायचं आणि ओव्यांच्या मधेच कर्जाची जाहिरात करणारी बाई फोनवर यायची. २०१७ पासून मिळणारा तो पाच हजार गाण्यांचा कारवाँही पाहिला. त्याला पेनड्राइव्ह लागतो, आवाज छान, पण तो डबा मोठा. अण्णांना हवं होतं सदऱ्याच्या खिशात राहील, उशाखाली मावेल असं.

म्हणजे खिशातला छोटा म्युझिक प्लेअर. पण हे यंत्र आता जवळजवळ इतिहासजमा झालं आहे. ॲपलचा आयपॉड २००१ साली आला, त्याने जग वेडं केलं आणि २०२२ मध्ये शेवटचा आयपॉडही बंद झाला. नवे प्लेअर मिळतात ते शौकिनांचे, महागडे आणि तेही बहुतेक काचेच्या पडद्याचे. तेव्हा जुनाच घ्यायचा ठरवला.

पहिल्या वेळी मी फसले. ते लपवत नाही. ओळखीतल्या ओळखीत एक चकचकीत प्लेअर २२०० रुपयांना घेतला. रूप पाहून भुलले. जून महिन्यात त्याची पाठ तव्यावरच्या पोळीसारखी फुगली. आतली बॅटरी फुगली होती. विद्यार्थी फोनवर ओरडलाच, "बाई, दाबू नका, चार्जिंगला लावू नका, कचऱ्यात तर मुळीच टाकू नका!" फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी लागते. २२०० रुपये गेले. माझ्या शिकवणीच्या पगारात ते किती होतात, ते माझं मला ठाऊक. अण्णा एवढंच म्हणाले, "राहू दे गं. नको आता." त्यांच्या त्या "नको"नेच मला जास्त लागलं.

मग मी हट्टालाच पेटले. विद्यार्थ्याला समोर बसवून एक चिठ्ठी तयार केली आणि एका शनिवारी सकाळी रोह्याहून दिव्याची मेमू पकडली.

हा प्रवास तुम्ही एकदा तरी करा. निडी, नागोठणे, कासू अशी छोटी स्टेशनं. दोन्हीकडे खाचरं, लांबवर डोंगर. पेण आलं की डब्यात पोह्यांच्या नि पापडांच्या पिशव्या चढतात. पुढचं हमरापूर म्हणजे गणपतीच्या मूर्तींचा गाव, तिथे बाप्पा बारा महिने घडत असतात. आपटा, रसायनी करत पनवेल आलं की हिरवं संपतं आणि दिव्याला उतरलं की गर्दीच तुम्हाला उचलून नेते. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि पूर्वेला बाहेर पडलं की लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं हे नाव. पाटीवर आता डॉ. भडकमकर मार्ग आहे, तोंडात मात्र जुनंच. रेडिओच्या सुट्या भागांपासून कॉम्प्युटरपर्यंत काय हवं ते इथे मिळतं. रविवारी मात्र जाऊ नका, बाजार बंद असतो.

तीन दुकानांत मला "मॅडम, ही वस्तू आता कोण विचारतं?" म्हणून परत पाठवलं. चौथं दुकान जिन्याखालचं. एक वयस्कर गृहस्थ डोळ्याला भिंग लावून काहीतरी डाग देत बसले होते. त्यांनी खालून एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. त्यात आठ-दहा प्लेअर! मी पदर खोचला आणि चिठ्ठी उघडली.

पहिली परीक्षा पाठीची. यंत्र काउंटरच्या काचेवर पालथं-उताणं ठेवायचं. बुड उठलेलं पातेलं कसं डगमगतं, तसं डगमगलं किंवा गरगर फिरलं तर बॅटरी फुगलेली समजायची. दोन यंत्रं इथेच बाद झाली.

दुसरी कानाची. जुन्या मोठ्या आयपॉडात गाणी फिरत्या तबकडीवर साठवलेली असतात. कानाशी धरून ऐकायचं. हलकी घरघर चालेल, टकटक नको. तबकडी धक्क्याला नाजूक. ज्यात फिरणारं काही नसतं, नुसती चिप असते, ते यंत्र हातातून पडलं तरी बहुधा तगतं. अण्णांच्या हातून ते पडणार, हे ठरलेलंच होतं.

तिसरी परीक्षा भोकांची. इअरफोनची पिन आत घालून बोटांत गोल फिरवायची. एका कानातला आवाज गेला-आला तर आतलं टाकं सुटलेलं. चार्जिंगची वायर आज बाजारात मिळते का, हेही विचारायचं. काही कंपन्यांच्या वायरी त्यांच्याच यंत्रांपुरत्या असतात. वायर गेली की यंत्र पेपरवेट.

चौथी बटणांची. प्रत्येक बटण वीस वेळा दाबायचं. वीसपैकी वीस वेळा चाललं पाहिजे. अंगावरचा रबरी मुलामा चिकट लागला तर ते यंत्र दमट हवेत राहिलेलं आहे.

एक देखणा, पडदाच नसलेला छोटा प्लेअर माझ्या मनात भरला होता. पण त्याची बॅटरी आत डाग देऊन बसवलेली. अशी बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरली की थकत जाते आणि नुसती पडून राहिली तरी म्हातारी होतेच. तिचं वय विचारायचं कुणाला? मी तो खाली ठेवला.

तेवढ्यात त्या गृहस्थांनी डब्याच्या तळातून एक काळं, काडेपेटीहून थोडं लांबट यंत्र काढलं. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं म्यूव्हो, २००४-०५च्या सुमाराचं. म्हणाले, "हे कुणी घेत नाही. दिसायला साधं आहे ना!" त्यांनी ते मधोमध सोडवून दाखवलं. एक भाग पेनड्राइव्हसारखा थेट कॉम्प्युटरला लागतो, वायरच नको. दुसऱ्या भागात रिमोटमध्ये घालतो तसा एक बारीक सेल. संपला की रोह्याच्या कुठल्याही दुकानातून नवा आणायचा! मला तर ते तिथल्या तिथे घ्यावंसं वाटलं, पण म्हटलं, बाई, पुन्हा भुलू नकोस.

सेलची खोली उघडली तर स्प्रिंगवर पांढरी भुकटी. कधीतरी जुना सेल पाझरला होता. मी नाक मुरडलं. त्यावर ते हसले. कापसाच्या काडीवर लिंबाचा रस घेऊन त्यांनी ती भुकटी पुसली, मग स्पिरिटने पुसून कोरडी केली. खालची स्प्रिंग चकचकीत निघाली. म्हणाले, "गंज आत शिरला असता तर मीच दिलं नसतं." हा उपाय तुम्हीही घरच्या टॉर्चवर करून पाहा. अल्कलाइन सेलच्या भुकटीवर लिंबू किंवा व्हिनेगर चालतं. फक्त हातमोजे घाला नि शेवटी नीट कोरडं करा.

त्यांनी ८०० सांगितले, मी ५०० म्हटलं, ६५० वर तुटलं. तेही एका अटीवर, की आधी तासभर वाजवून पाहणार. स्टुलावर बसून मी पूर्ण एक तास ऐकलं. बटणं दाबली, पिन फिरवली, एकदा मुद्दाम ओढणीत गुंडाळून मांडीवरून खाली पडू दिलं. त्यांनी चहा मागवला. शेवटी म्हणाले, "एवढं तपासून तर लोक घोडासुद्धा घेत नाहीत." मी अण्णांबद्दल सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण दोन सेल त्यांनी वरून दिले.

यंत्रात ५१२ एमबी जागा. आजच्या हिशेबाने चिमूटभर. पण नेहमीच्या दर्जाने एका मिनिटाच्या आवाजाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे आठ तासांहून जास्त आवाज. आमच्या चार कॅसेटी म्हणजे चार तास. उरलेल्या जागेत अण्णांचे आवडते अभंग बसले. एकूण एक फाइल वाजवून पाहिली, कारण जुन्या चिपमध्ये फाइल दिसते पण वाजत नाही, असंही होतं. वाजवायच्या बटणावर नेलपॉलिशचा एक जाड थेंब टाकला. वाळल्यावर तो टेंगळासारखा बोटाला लागतो.

रात्री ते यंत्र अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी ते सगळीकडून चाचपलं, अंगठ्याला थेंब लागला, तो दाबला. मी स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने अण्णा मोठ्याने हसले. कुत्रा भुंकत असणार आणि त्यांनीच तीस वर्षांपूर्वी घातलेला दम असणार. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. भांडी घासताना मी नळ बारीक सोडला.

आता एक पावसाळा उलटला. यंत्र तीनदा पडलं, चालतंय. रात्री ते स्टीलच्या घट्ट डब्यात जातं. औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या मी जमवून त्यात ठेवते. चार दिवसांनी सेल बदलायचा आणि यंत्र पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवायचा, हा घरचा नियम.

किती टिकेल? वीस वर्षांचं झालंच आहे, एक दिवस बंद पडेलच. म्हणून मी सगळ्या ओव्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि दुसरी ठाण्याला नणंदेकडे ठेवली आहे. यंत्र तपासायला मी मुंबई गाठली, पण आवाज टिकवायचं काम त्या दोन रविवारीच झालं होतं. तुमच्या कपाटातही अशा कॅसेटी असतील, तर पुढच्या पावसाची वाट पाहू नका.

आणि रोह्याला आलात तर वरशाला जरूर या. दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या ओटीवर एक गृहस्थ कानाला वायर लावून बसलेले दिसतील. त्यांना हाक मारू नका. बाजू संपली की तेच तुम्हाला "या, बसा" म्हणतील.