चातुर्मास आणि सायकल

आम्ही मुलुंडकर. निवृत्तीनंतर सायकल धरली, आणि येत्या मार्गशीर्षांत ब्रेव्हे नांवाची 200 किलोमीटरांची सायकलफेरी साडेतेरा तासांच्या मुदतींत पुरी करावी, असा आमचा संकल्प आहे. आड येतो तो पावसाळा. चार महिने बसून काढले तर जोडलेलें बळ ओसरतें, आणि साठीपुढें तें पुन्हां जोडणें तरुणपणाइतकें सोपें नसतें.

उत्साहावर विसंबण्यांत अर्थ नाहीं. पहाटे पावसाचा आवाज कानीं पडला कीं तो पांघरुणांत शिरतो. घरोघरीं बायका चातुर्मासाचे नेम पाळतात, ते कांहीं रोज हुरूप येतो म्हणून नव्हे. आम्हींही तोच मार्ग धरला आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रोज अर्धा तास. उघडीप मिळाली तर रविवारीं ऐरोलीचा पूल ओलांडून चार तास. पतंजलींनीं अभ्यासास दीर्घकाल, सातत्य आणि आदर या अटी घातल्या. किलोमीटरांचा उल्लेख त्यांनीं केलेला नाहीं!

हट्टाला मात्र येथें स्थान नाहीं. ओल्या रिमवर ब्रेक उशिरां लागतो, गटाराचीं लोखंडी झांकणें आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे निसरडे होतात, डबक्याखालचा खड्डा दिसत नाहीं. 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस उपनगरांतला कोण विसरेल? रस्त्यावर पाणी सांचलें कीं आम्ही घरींच सूर्यनमस्कार घालतों आणि तो दिवस नेमांत धरतों.

भिजलेली साखळी पुसून तिला तेल देण्याचें काम नातवाकडे आहे. तें तो चोख करतो, कारण त्याबद्दल त्यास अंगणांत एक फेरी मिळते.