नकाराची शेवटची ओळ

मराठीत नकाराच्या तऱ्हा पुष्कळ. नाही, नको, नये, नव्हे. यांतला प्रत्येक शब्द निराळ्या प्रसंगी येतो आणि नकार कोण देतो, कशासाठी देतो याची काही ना काही खूण मागे ठेवतो. हे वर्गात शिकवण्यात आमची बरीच वर्षे गेली. महाविद्यालयाच्या संगणक समितीवर असल्यामुळे नेटवर्क स्विचवरची ॲक्सेस कंट्रोल लिस्ट लिहिण्याचे काम आम्हां दोघांकडे आले, तेव्हा मात्र शब्दच नसलेल्या एका नकाराशी गाठ पडली.

काम तसे साधे. कार्यालय, ग्रंथालय आणि विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा अशी तीन व्हीलॅन एकाच स्विचवर होती. अंतर्गत गुण ज्या सर्व्हरवर राहतात तो कार्यालयाच्या जाळ्यात. प्रयोगशाळेतून तिथवर कोणाचा हात पोचू नये, एवढीच अपेक्षा. आमच्या स्विचवर सिस्कोची आज्ञावली चालते. तीत प्रत्येक नियम ‘परमिट’ किंवा ‘डिनाय’ या क्रियापदाने सुरू होतो. पुढे प्रोटोकॉल, पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि हवे तर पोर्ट. पत्त्यासोबतचा वाइल्डकार्ड मास्क उलट्या चालीचा असतो: ०.०.०.२५५ म्हणजे पहिले तीन आकडे तंतोतंत जुळवा, चौथ्याकडे पाहू नका.

व्याकरणाच्या माणसाला इथे सर्वांत जपावे लागते ते क्रमाला. पाणिनीच्या अष्टाध्यायीत पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातले दुसरे सूत्र परंपरेने असे लावतात की, दोन तुल्यबळ नियमांत विरोध आला तर नंतरचा बलवान. शिवाय अपवाद कुठेही सांगितलेला असो, तो उत्सर्गाला बाधतो. स्विचचा न्याय निराळा. यादी वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ मिळताच वाचन थांबते. अपवादाला आपल्या बळावर जिंकता येत नाही. त्याला रांगेत पुढेच उभे राहावे लागते. आमचा डीएनएस सर्व्हर कार्यालयाच्याच जाळ्यात आहे. म्हणून पोर्ट ५३ ची परवानगी आधी आणि कार्यालयाची सरसकट बंदी नंतर. हा क्रम उलटला तर प्रयोगशाळेत एकही संकेतस्थळ नावाने उघडणार नाही. संगणकांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीसाठी पोर्ट ६७ चीही परवानगी वरच हवी.

आणि मग ती शेवटची ओळ. ती कोणी लिहीत नाही, पडद्यावर दिसत नाही. पण नियम असलेल्या प्रत्येक यादीच्या तळाशी ती असतेच: वर ज्याचा उल्लेख नाही ते सारे नामंजूर. या बंदीची नोंदही आपोआप होत नाही. नोंद हवी असेल तर तीच बंदी स्वतः लिहून पुढे ‘लॉग’ जोडावे लागते.

वाद झाला तो याच ओळीवरून. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांचे मत असे की, प्रयोगशाळेसाठी मोजकेच पत्ते खुले ठेवावेत. बाकीचे मुले मागतील तसे उघडू. सरांचा हेतू वाईट नव्हता. पण मागण्यासाठी आपल्याला अडवले आहे हे आधी कळावे लागते. घरी संगणक नसलेली मुलगी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसते. पान उघडत नाही. कोणी ‘नाही’ म्हणालेले नसते. पाठवलेले पॅकेट वाटेत निमूटपणे टाकून दिलेले असते. ती समजते, नेट संथ आहे. किंवा समजते, आपल्यालाच जमत नाही. अर्जाची मुदत संपते आणि तिच्याकडे तक्रारीचा विषयही नसतो.

शिवाय हे हत्यारही त्या कामाचे नव्हे. या यादीला पत्ते आणि पोर्ट कळतात. संकेतस्थळाचे नाव किंवा पानावरचा मजकूर कळत नाही. मोठ्या संकेतस्थळांचे पत्ते बदलत राहतात. आज उघडलेले दार उद्या भलत्याच भिंतीत निघायचे.

सरांना सारे पटले असे नाही. एका सत्रापुरता मध्यममार्ग ठरला. कार्यालयाची बंदी कायम आणि ‘लॉग’सह, तिच्याखाली प्रयोगशाळेच्या जाळ्याला उरलेल्या सर्वांसाठी उघड ‘परमिट’. मजकुरावर बंधने घालायचीच झाली तर ती फायरवॉलवर घालावीत आणि पान अडवताना ते कोणी व का अडवले हे विद्यार्थ्याला वाचता येईल असे लिहावे.

याद्यांत ‘रिमार्क’ नावाची एक सोय असते. शंभर अक्षरांपर्यंतची टीप नियमाशेजारी राहते. यंत्र ती मानत नाही, माणसांसाठी मात्र ती जपून ठेवते. प्रत्येक बंदीच्या वर आम्ही एकेक टीप लिहिली: कशासाठी, कोणत्या बैठकीत. उद्या दुसरे कोणी त्या स्विचपुढे बसेल. नियम बदलण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. कारण वाचून बदलावा, एवढेच.