टाकी टू टाकी

अप्पांचं डायलिसिस महात्मा फुले योजनेत बसतं. पेट्रोल कुठल्याच योजनेत बसत नाही.

आमचं गाव कवठेमहांकाळच्या पलीकडे. मिरज जाऊन-येऊन 90 किलोमीटर, आठवड्यातून तीनदा. महिन्याच्या साधारण 13 फेऱ्या धरल्या तर 1,170 किलोमीटर. पहिले दोन महिने एसटी आणि वडापवर काढले. जाताना जमायचं. येताना अप्पांचं बीपी उतरलेलं असायचं आणि भरलेल्या जीपमध्ये कुणी जागा दिली तर दिली. मग गेल्या वर्षी 2011 सालची एक गाडी घेतली. नाव सांगत नाही; उंच छताची आहे, वाकायला न लागता आत बसता येतं, ओळखणारे ओळखतील. विकणारा एजंट म्हणाला, "मॅडम, 18 ला मरण नाही."

दिले 13.

18 आणि 13 मधला फरक ऐकायला पाचचा आहे. माझ्या महिन्याच्या हिशोबात तो 65 लिटर की 90 लिटर असा आहे, म्हणजे 105 च्या भावाने अडीच हजारांच्या वर. मी तासिका तत्त्वावर शिकवते. ते पैसे कधी येतात आणि कसे येतात, हे तुमच्यापैकी ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. एकदा पंपावर टाकी भरून निघालो, तेव्हा अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आठवड्याला दोनदाच गेलो तर काय हुतंय?" द्राक्षाला आज पाणी सोडायचं का उद्या, तशा आवाजात. डॉक्टरांनी तीनदा म्हणजे तीनदा असं सांगितलं होतं. एक फेरी चुकली की अंगात पाणी साठतं, दम लागतो, हे अप्पांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी त्यांनी हिशोब केला होता.

तेव्हापासून ॲव्हरेज हा माझ्यासाठी गाडीवाल्या पोरांच्या गप्पांचा विषय राहिला नाही.

पहिलं काम, नीट मोजणं. पाचशेचं पेट्रोल टाकून काटा कुठे गेला ते बघणं याला मोजणं म्हणत नाहीत. टाकी फुल करायची, नोझल आपोआप बंद पडलं की थांबायचं, किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, पुन्हा तिथपर्यंतच भरायची. मधले किलोमीटर भागिले आत गेलेले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, तीन टाक्यांचं बघायचं. माझ्या वहीतल्या पहिल्या तीन नोंदी 12.8, 13.2 आणि 12.9 आहेत. म्हणजे गाडी खोटं बोलत नव्हती. ती खरंच 13 देत होती.

मग कंपनीचा आकडा कुठून येतो? पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय नावाची संस्था आहे, अशा चाचण्या तिथे होतात. गाडी रस्त्यावर जातच नाही. चाकं रोलरवर फिरतात, गाडी जागेवर. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. सगळा खेळ वीसेक मिनिटांचा, एसी बंद, कमाल वेग 90 आणि सरासरी जेमतेम 32. यात फसवणूक काही नाही. दोन नव्या गाड्या एकाच मापाने मोजायला हे ठीक आहे. पण त्या रोलरवर जतकडून येणारा वारा नसतो, आणि 14 वर्षं वापरलेली गाडी तर नसतेच.

डायलिसिसला चार तास लागतात. सुरुवातीला मी वॉर्डबाहेरच्या बाकावर मोबाइल बघत बसायचे. नंतर ते चार तास मिरजेतल्या एका छोट्या गॅरेजात जाऊ लागले. तिथल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला. "ताई, टेंपरेचरचा काटा कधी मधापर्यंत येतो का?"

येत नव्हता. हायवेला तर तळाशीच असायचा. मला ते चांगलं लक्षण वाटावं असंच कुणालाही वाटेल: गाडी गरम होत नाही, मग बरंच आहे की. पण इंजिन थंड असताना पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो. इंजिन तापलं की तो हात आखडता घेतो. इंजिन लवकर तापावं म्हणून थर्मोस्टॅट नावाचा एक व्हॉल्व्ह रेडिएटरकडे जाणारं पाणी तोवर अडवून धरतो. आमच्या गाडीत तो व्हॉल्व्हच नव्हता. आधीच्या कुणाच्या तरी काळात गाडी तापत असणार, आणि दुरुस्तीऐवजी कुणीतरी तो काढून फेकला असणार. आपल्याकडच्या उन्हात हा इलाज पुष्कळ गॅरेजांत चालतो. गाडी तापायची थांबते आणि वर्षानुवर्षं जन्मभर सकाळ असल्यासारखी पेट्रोल पीत राहते. मिस्त्रींनी आधी रेडिएटर आणि पंखा तपासला, मगच नवा व्हॉल्व्ह बसवला. सुटा भाग काही शे रुपयांचा.

दुसरी गोष्ट मी स्वतः शोधली. मिरजेत पोचल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला. मागचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा चांगलंच गरम. हँडब्रेकची केबल गंजून अडकत होती आणि ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता. म्हणजे आम्ही रोज थोडा ब्रेक दाबून मिरजेला जात होतो.

बाकी पुष्कळ सल्ले मिळाले. पेट्रोलच्या पाइपला बांधायचं चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या. एअर फिल्टर बदला, असं तर प्रत्येकाने सांगितलं. बदलला, बदलावाच, पण इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली तर कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो, त्यामुळे मळका फिल्टर गाडीचा जोर जास्त खातो, ॲव्हरेज फार नाही. टायरमधली हवा मात्र खरी. दाराच्या कडेला स्टिकरवर आकडा असतो, आणि ती गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना बघायची.

आणि एक वाटा असा, जो कुठल्याच मिस्त्रीला परत आणता येणार नाही. आता पंपावर मिळतं ते ई20, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्याच 2021 च्या अहवालात जुन्या धर्तीच्या चारचाकींचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्क्यांनी घटेल असं म्हटलंय. 18 मधला एक तिथेच गेला. ऊसवाल्या जिल्ह्यात राहून याबद्दल फार मोठ्याने बोलता येत नाही. आमचे मामा ऊसवाले आहेत.

व्हॉल्व्ह आणि ब्रेकनंतर वहीत 15.6 आलं. उरलेलं रस्त्याने दिलं, किंवा खरं तर रस्त्याने घेतलेलं परत मिळालं. रत्नागिरी-नागपूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून सगळे 100 ने पळतात. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि आमची गाडी म्हणजे चाकांवरचं कपाट. मी 65-70 वर आले. मागचे हॉर्न मारतात, मारू देत. वेळेत फरक पडला दहा-बारा मिनिटांचा. पुढच्या टाक्या: 16.8, 17.1, 17.0.

18 नाही झाले. पण महिन्याला 90 लिटर लागायचे तिथे 69 लागतात, म्हणजे 2,200 रुपये. दोन फेऱ्यांचा विषय अप्पांनी पुन्हा काढलेला नाही. वही आता त्यांच्याकडे असते. पंपावर मीटर शून्यावर आहे का ते तेच बघतात, सुईचा हात सोडून दुसऱ्या हाताने भागाकार करतात, आणि शेजारच्या बेडवरच्या तासगावच्या गुरुजींना त्यांच्या गाडीचा काटा मधापर्यंत येतो का, असं विचारतात.

पुढच्या वर्षी गाडीला 15 वर्षं होतील. आरसीचं नूतनीकरण, फिटनेस तपासणी, हरित कर, सगळं एकदम येईल. त्याची तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेली परवा दिसली. अक्षर अप्पांचं होतं.