वेचणीतली तारीख

तान्ह्या बाळाचं हृदय दमलेलं कळतं ते दूध पिताना. मोठ्या माणसाला जिना चढताना धाप लागते. दोन महिन्यांच्या बाळाला अंगावर पिणं हीच दिवसातली सगळ्यात मोठी मेहनत. यवतमाळच्या तपासणी शिबिरात घाटंजीकडची एखादी आजी सांगते, "पोट्टं दूध पेते अन् मधातच सोडते. कपाळ सारं घामानं भिजते." माझं निम्मं निदान तिथंच होतं. नव्या डॉक्टरांना मी सांगतो, टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आहेच, आधी आजीचं ऐकून घ्या.

  

दर १००० जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यातला नेहमीचा म्हणजे खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. "मोठं झालं की बुजते," असं गावोगाव ऐकू येतं आणि ते अगदीच खोटं नाही. लहान भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात. पंचाईत मोठ्या भोकाची. जन्मल्यावर फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, त्यामुळे सुरुवातीला बाळ ठणठणीत दिसतं, प्रसूतीनंतर घरी जातं. महिना-दीड महिन्यात त्या वाहिन्या सैलावतात, भोकातून रक्ताचा लोंढा फुफ्फुसांकडे जातो आणि मग घाम, धाप, न वाढणारं वजन, पुन्हा पुन्हा होणारा न्युमोनिया.

खरा घात यानंतर होतो. हा मारा सोसून सोसून फुफ्फुसातल्या वाहिन्या जाड आणि अरुंद होतात, तिकडे जाणारं रक्त कमी होतं. न्युमोनिया थांबतो, पोर अंग धरतं. घरचे म्हणतात, औषध लागू पडलं. मला या 'सुधारलेल्या' मुलाचीच धास्ती वाटते. काही वर्षांत रक्ताचा प्रवाह उलटा फिरतो, ओठ आणि नखं निळी पडतात. याला आयसेनमेंगर म्हणतात. आता भोक बुजवलं, तर हृदयाच्या उजव्या बाजूला तो दाब पेलत नाही आणि मूल दगावू शकतं. पैशांची जुळवाजुळव करून आलेल्या बापाला "आता ऑपरेशन करता येत नाही" हे सांगण्याइतकं जड काम आमच्या धंद्यात दुसरं नाही.

जन्मतःच निळं असलेलं बाळ त्या मानाने लवकर दवाखान्यात पोचतं, कारण निळेपणा कुणालाही दिसतो. १९४४ साली बाल्टिमोरला हेलन टाउसिग, आल्फ्रेड ब्लॅलॉक आणि व्हिव्हियन थॉमस यांनी ऑपरेशनची वाट काढून दिली, तीही निळ्या बाळांसाठीच. भोक असलेलं बाळ मात्र नुसतं किरकिरं आणि वाळकं दिसतं.

पैशाची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांमध्ये मुलं तपासतात. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. रायपूरच्या सत्यसाई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन मोफत होतं. अडतं ते ऑपरेशनच्या तारखेवर. ती नेमकी वेचणीत येते, नाहीतर पेरणीत. "कापूस निघू द्या साहेब, मंग येतो." या बापाला मी दोष देत नाही. आई ऑपरेशनसाठी पंधरा दिवस नागपूरला अडकली, तर कपाशी कोण वेचणार, घरच्या दुसऱ्या लेकरांकडे कोण पाहणार? पण वेचणीनंतर लग्नसराई येते, मग पेरणी, आणि मध्ये पोर 'सुधारतं'. मुलगी असली तर आणखी एक फाटा फुटतो: छातीवरचा व्रण पाहून लग्न जमेल का? इथे मात्र माझा आवाज चढतो.

दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यात वेचणीची घाई असते, म्हणून आशाताईंना, अंगणवाडीताईंना आणि घरोघरच्या आज्यांना याच वेळी सांगणं आहे. दूध पिताना घामाघूम होणारं, वजन न धरणारं बाळ दिसलं, तर महिना उलटू देऊ नका. टूडी इको करून घ्या. मोठ्या भोकाचं ऑपरेशन सांगितलं असेल, तर ते शक्यतो पहिल्या वर्षाच्या आत व्हायला हवं. तारीख वेचणीत आली तरी ती पुढे ढकलू नका.