चाकातली माती

मामेभावाच्या गॅरेजात जर्मन जोडप्याचा कॅम्पर ट्रक उभा होता; मुंबईहून जहाजानं ऑस्ट्रेलियाला निघालेला. तिकडे परकी माती, बी-बियाणं चालत नाही, म्हणून दोघं दोन दिवस चाकं घासत होते. गॅसची टाकी रिकामी झाली. कार्नेवर, म्हणजे गाडीच्या पासपोर्टवर, कस्टमचा शिक्का तेवढा बाकी होता.

मधल्या वेळात मी त्यांना क्रॉफर्ड मार्केट दाखवलं, मग जवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना. १९९५ पर्यंत मुंबईहून हजचं जहाज सुटायचं. आमची दादी तसंच गेली. पेटीत तांदूळ, लोणचं आणि तळाशी स्वतःचं कफन.

बाई गप्प झाल्या. मग विचारलं, "परत आल्या?"

आली. कफनही आलं, झमझममध्ये भिजवून वाळवलेलं.

संध्याकाळी बाई पुन्हा ब्रश घेऊन बसल्या. टायरच्या खाचेत कोकणातली लाल माती अजून होती.